उंदीर शेवटच्या ओळीत का?

मा. संपादक, स.न.

कालच्या आरोग्य पुरवणीत ब्रेस्ट कॅन्सरवर जे छापलंय त्याबद्दल लिहितेय. ‘हट्टी कॅन्सरही आता जुन्याच गोळीला दाद देणार’ असं चार कॉलमी हेडिंग, आणि हे सगळं उंदरांवर झालंय हे कुठे, तर अगदी शेवटच्या ओळीत, तेही कंसात. छान.

आमच्याकडे काय झालं सांगते. आईला लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी चालू होती, बरेच दिवस बरं चाललं, मग हाडात पसरल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी ते बंद करून पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या आणि फुलवेस्ट्रंटची इंजेक्शनं सुरू केली. ती इंजेक्शनं काय असतात ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच माहीत. मेडिकलमधून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणायची, औषध एरंडेल तेलातलं, घट्ट, दोन सिरिंज, कमरेला दोन्ही बाजूंना एकेक, आणि सिस्टर ते मिनिट-दोन मिनिटं हळूहळू ढकलत असते, तोवर आई माझा हात धरून दात आवळून पडलेली. दर महिन्याला. तर काल सकाळी आत्याचा फोन, ‘वैनी, पेपर बघितला का, जुन्या गोळ्या परत लागू पडतात म्हणे’. झालं. आईने कपाटातून लेट्रोझोलच्या उरलेल्या स्ट्रिपा शोधून काढल्या आणि वर माझ्यावरच डाफरली, ‘पेपरवाले काय खोटं लिहितात का? उद्या मी इंजेक्शनला यायची नाही.’ आज तारीख होती. नाहीच आली. मिरजेला फोन करून तारीख बदलून घेतली, आणि एवढं महागाचं इंजेक्शन फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी पडलंय.

आता तुम्ही म्हणाल संशोधन खरंच आहे. असेल की. 2018 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनीही उंदरांमध्ये हे केलं होतं, नेचर मेडिसिन या संशोधनाच्या मासिकात आलं होतं. ज्या गाठींना हार्मोनच्या औषधांचा काडीचा उपयोग नसतो त्यांचा आजूबाजूच्या पेशींशी चाललेला एक सिग्नल तोडला, तर त्या टॅमॉक्सिफेन या जुन्या हार्मोनवरच्या गोळीला दाद द्यायला लागल्या. भारी काम आहे, आपल्याकडे तर ट्रिपल निगेटिव्हचं, म्हणजे हार्मोनचे रिसेप्टरच नसलेल्या कॅन्सरचं, प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त, त्यामुळे महत्त्वाचंच. पण एवढी वर्षं झाली, ओपीडीत ते औषध अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि आईची केस त्यातली नाहीच हो. तिच्या पेशींना रिसेप्टर आहे, म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जिथे जाऊन चिकटतं ती जागा. लेट्रोझोलसारखी गोळी घेऊन घेऊन बऱ्याच जणींच्या त्या रिसेप्टरच्या जीनमध्येच बदल होतो, मग इस्ट्रोजेन नसलं तरी तो आपला चालूच, बटण अडकल्यासारखा. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनणं थांबवतं, त्याने अशा वेळी काय होणार? फुलवेस्ट्रंट त्या रिसेप्टरचाच निकाल लावतं, म्हणून तर ते दुखणं सोसायचं. एवढं दोन ओळीत छापलं असतं तर आत्याचा फोन आला नसता. याच बदलासाठी इलासेस्ट्रंट नावाची गोळी अमेरिकेत जानेवारी 2023 ला मंजूर झाली, इंजेक्शनची भानगड नाही, ती इथे कुणाला मिळते, कितीला पडते, हे विचारायला तुमच्या वार्ताहराला एक फोन करता आला नसता? त्याच महिन्यात पाल्बोसिक्लिबचं पेटंट आपल्याकडे संपलं, इथल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. ही पण बातमीच होती, तुमच्याकडे वाचल्याचं आठवत नाही.

खुलासा छापणार असाल तर हेडिंगच्याच टायपात छापा, आई तेवढंच वाचते.

आणि हो, त्याच पानावर खाली ‘कॅन्सर मुळापासून’वाल्या चूर्णाची ऐसपैस जाहिरात, मोबाईल नंबरासकट! असल्या जाहिरातींना 1954 च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, कॅन्सर त्या यादीत नावानिशी आहे. तुमच्या जाहिरातवाल्यांना कायदा वाचायला सवड नसेल तर निदान कॅन्सरच्या बातमीपासून दोन पानं लांब तरी टाका. आत्याने त्या नंबरवर पण फोन केलाय.

आपली एक वाचक, तासगाव
(नाव छापू नये, आत्या पेपर वाचते)