क्रिएटिनिनशेजारी ई-जीएफआरही छापा

संपादक महोदय,

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.२ आले, शेजारच्या छापील मर्यादेत बसले, की ‘किडनी चांगली आहे’ म्हणून फाइल मिटते. हाच १.२ पंचवीस वर्षांच्या मुलाचा असेल तर किडनीची गाळण मिनिटाला साधारण ८६ मिलिलिटर निघते. पासष्ट वर्षांच्या बाईंचा असेल तर जेमतेम ५०. या गाळणीच्या अंदाजालाच ई-जीएफआर म्हणतात. वरचे हिशेब २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्राचे आहेत. त्याला क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढेच लागते. रक्त पुन्हा काढावे लागत नाही. म्हणून कोल्हापुरातील प्रत्येक लॅबने क्रिएटिनिनशेजारी ई-जीएफआर आणि वापरलेल्या सूत्राचे नाव छापावे, ही कळकळीची विनंती.

गाळण निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होते. पंचेचाळीस वर्षांच्या बाईंचे क्रिएटिनिन काही वर्षांपूर्वी ०.६ होते, आज १.१ आहे. दोन्ही रिपोर्टांवर एकही आकडा ठळक नसेल. पण गाळण साधारण ११५ वरून ६३ वर उतरलेली असते. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, ते यासाठीच.

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत. त्यामुळे तालमीतल्या पैलवानाचे मुळातच जास्त असते. त्यात तो क्रिएटिनची पावडर (शरीरात तिचेच क्रिएटिनिन होते) घेत असेल तर किडनी धडधाकट असूनही आकडा घाबरवतो. अंथरुणाला खिळलेल्या, हाडे वर आलेल्या आजींचे नेमके उलटे: ०.८ दिसते छान, पण स्नायूच उरलेले नसल्याने ते खोटा दिलासा देते. अशा दोघांसाठी सिस्टाटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी डॉक्टरांना विचारावी. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे तांबडा-पांढरा. मटण शिजताना त्यातल्या क्रिएटिनचे क्रिएटिनिन होते आणि जेवणानंतर काही तास ते रक्तात चढलेले राहते. तपासणीच्या आदल्या दिवशी मटण नको, तालमीत जोरही नको.

जुलाब-उलट्या चालू असताना किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या खात असताना आलेला आकडा डॉक्टरांना जरूर दाखवावा, पण त्यावरून निघालेल्या ई-जीएफआरवर विसंबू नये. क्रिएटिनिन स्थिर आहे असे सूत्र गृहीत धरते. रोज बदलत असेल तर उत्तर चुकते. गरोदर स्त्रिया आणि अठराच्या आतील मुलांनाही हे सूत्र चालत नाही.

ई-जीएफआर एकदा ६० च्या खाली आले म्हणजे डायलिसिस, असे मुळीच नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिले, तरच त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. मात्र ६० च्या वर असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल, तर तोही आजारच. लघवीच्या एसीआर (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण) तपासणीत ग्रॅममागे तीस मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त येत राहिले तर दुर्लक्ष नको. साखर असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण मेटफॉर्मिनसारख्या गोळीचा डोसही ई-जीएफआर पाहूनच ठरतो: ४५ च्या खाली ती नव्याने सुरू करत नाहीत, ३० च्या खाली बंद करतात. रिपोर्टवर नुसते क्रिएटिनिन असेल तर ही गोळी वर्षानुवर्षे तशीच चालू राहू शकते.

– एक लॅब तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर