सूचना : रविवारची बैठक, विषय परिवीक्षा

सदस्यहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेत, नेहमीच्या जागी, आपल्या अभ्यासगटाची बैठक आहे. या वेळी विधी महाविद्यालयातून निवृत्त झालेले सर बोलणार आहेत. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन : दोषीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडणं. शिकवायला लागण्याआधी सर परिवीक्षा अधिकारी होते, म्हणून आवर्जून या.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधली कलमं ३, ४ आणि ६ वाचून या. कलम ६ तर दोनदा वाचा. २१ वर्षांखालच्या दोषीला तुरुंगात पाठवायचंच असेल, तर न्यायालयाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणं नोंदवावी लागतात. जामिनासाठी आपण वकील जेवढे झटतो, तेवढे या अहवालासाठी झटत नाही, हे मला मनापासून खटकतं. एका पोराचं अख्खं आयुष्य त्यावर ठरू शकतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षाही आली आहे, उदाहरणार्थ ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत, वस्तू किंवा किंमत परत केल्यास. तिच्यावर देखरेख कोणी ठेवायची, हे सरांना जरूर विचारा.

ज्युनिअर मंडळींनाही आणा. शुक्रवारपर्यंत गटावर कळवा, तर्री-पोह्यांचा अंदाज घ्यायचा आहे.