साच्यांच्या मुलखातून आई-बाबांना

मँचेस्टर,
जूनचा पहिला आठवडा

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मधे पडून सांगायला लागली की निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते. चष्मा लावून सावकाश वाचा. आई, पत्र तुलाही आहेच, पण आज बोलणं जास्त बाबांशी आहे.

बाबा, तुम्ही मुंबईच्या गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवलेत, म्हणून कंपनीच्या कामासाठी मँचेस्टरला यायचं ठरलं तेव्हाच मनात होतं की इथली एक तरी कापडगिरणी डोळ्यांनी बघायची. शहरापासून जवळच स्टाइल नावाचं गाव आहे. तिथं बॉलिन नदीच्या काठी, गर्द झाडीत क्वारी बँक नावाची विटांची गिरणी उभी आहे. सॅम्युअल ग्रेग नावाच्या माणसानं ती 1784 मध्ये काढली. तेव्हा यंत्रं नदीच्या पाण्यावर फिरायची, म्हणून गिरणी अशी रानात. आता ती नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळते आणि येणाऱ्या माणसांना खरे साचे चालवून दाखवते.

बाबा, तो साचा चालू झाला तेव्हा मी तीन-चार हातांवर उभी होते. चालवणाऱ्या बाईंनी आधी सुत गुंडाळलेली एक कांडी घेतली, धोट्यात, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणाऱ्या लाकडी तुकड्यात बसवली आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून कसं काढायचं ते दाखवलं: भोकाला तोंड लावून ओढायचं. इथले विणकर वर्षानुवर्षं तसंच करायचे. कापसाची धूळ छातीत जायची आणि एकाच धोट्याला दहा जणांचं तोंड लागून आजारही पसरायचे. तुम्हीही तोंडानंच ओढायचात का? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मग त्यांनी दांडा ओढला. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळ्याला दिसेना इतका वेगात. चपलेच्या तळातून फरशीची थरथर जाणवत होती. कानावर हात ठेवूनही आवाज आत शिरत होता. आणि चालू होते मोजके साचे. तुमच्या खात्यात असे शेकडो एका वेळी चालायचे, आठ तासांची पाळी, सणाचे दिवस सोडले तर वर्षभर. तिथं उभं राहिल्यावर तुमचे कान कुठं गेले ते मला कळलं.

त्या बाई म्हणाल्या, साचाखात्यात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून लँकेशायरच्या, म्हणजे या गिरण्यांच्या भागातल्या, बायका ओठांवरून बोलणं वाचायच्या, खात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाशी गप्पा मारायच्या. तुम्ही समोरच्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघता, ते कानांमुळे असं आम्ही समजत होतो. मला वाटतं, ती सवय गिरणीतच लागली असणार.

गिरणीच्या बाजूला मुलांचं घर आहे, 1790 मध्ये बांधलेलं. अनाथालयातून नऊ-दहा वर्षांची पोरं आणून तिथं ठेवत. एका वेळी नव्वदच्या आसपास. एका खाटेवर दोघं, दिवसाला बारा तास काम. चालत्या यंत्राखाली रांगत जाऊन कापसाची पिंजण वेचायचं काम लहान अंगाच्या मुलांकडे असे. आई, तू तिथं असतीस तर आत पाय ठेवला नसतास. तेच ग्रेग कुटुंब वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावरच्या मळ्याचंही मालक होतं आणि तिथं गुलाम राबत होते, हेही भिंतीवर स्पष्ट लिहिलंय. लपवलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

शहरात रॉयल एक्सचेंज म्हणून भव्य इमारत आहे. कापसाचा आणि कापडाचा सगळा सौदा तिथं व्हायचा. 1968 मध्ये व्यापार थांबला, आता आत नाटकगृह आहे, पण वर भिंतीवरच्या पाटीवर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. त्या भावांशी आपलं नातं जुनं. अमेरिकेत 1861 ला यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस यायचा बंद झाला. इथल्या गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं उपाशी राहिली. तशाही परिस्थितीत इथल्या कामगारांनी 1862 च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला कळवलं की गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. लिंकननं जानेवारी 1863 मध्ये उत्तर पाठवलं. त्यातला मजकूर कोरलेला त्याचा पुतळा इथं चौकात आहे. मी तो उभ्या उभ्या पुरता वाचला. पोटात अन्न नसताना दुसऱ्याच्या सुटकेसाठी उभी राहिलेली माणसं, बाबा, ती तुमच्याच जातकुळीची.

आणि त्याच वर्षांत मुंबईला पैशाचा पूर आला, कारण कापूस आपल्याकडून यायला लागला. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद त्याच भरतीत मोठे झाले, आणि 1865 ला युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा बुडालेही. ताडदेवला कावसजी दावरांची पहिली गिरणी 1856 ला चालू झाली होतीच. पुढं गिरण्या वाढत गेल्या तशी यंत्रं इथूनच बोटीनं यायला लागली. इथून जवळच्या ओल्डहॅमला प्लॅट ब्रदर्सचा कारखाना होता, त्या काळी कापडयंत्रांत जगात सगळ्यांत मोठा. ज्या लोखंडासमोर तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत ते कदाचित इथंच ओतलेलं असेल.

अँकोट्स भागात कालव्याकाठी गिरण्यांची रांगच आहे. मरे बंधूंची सगळ्यांत जुनी इमारत 1798 ची. आता आत फ्लॅट आणि कॉफीची दुकानं आहेत. कामगारांची पोरं तिथं राहू शकतील असे भाव नाहीत, हे इथंही खरंच. पण भिंती, चिमण्या, नावं ठेवलीयत, आणि कुणी काम केलं ते सांगणाऱ्या पाट्या आहेत. लालबाग-परळला आता गेलं की मला गिरणी कुठं होती हे गेटावरून ओळखावं लागतं, आणि काही ठिकाणी तेही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1982 च्या संपानंतर अडीच लाख माणसांचं काय झालं हे सांगणारी एखादी खोली तरी मुंबईनं राखायला हवी.

आता डोंगरावरचं सांगते. मँचेस्टरहून गाडी धरली की तासाभराच्या आत एडेल येतं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हिरवे चढ, मेंढ्या, आणि माती न वापरता दगडावर दगड रचलेले मैलोन्मैल गडगे. आपल्या वाडीसारखेच, फक्त जांभ्याऐवजी करडा दगड. वर चढत गेलं की किंडर स्काउटचं पठार लागतं, 636 मीटर उंच. वर झाड नाही. काळी, पाणथळ माती आणि तिच्यात पांढरी बोंडं लागलेलं गवत वाऱ्यावर डुलत असतं. लांबून थेट कापूस वाटतो, पण तंतू ठिसूळ, सूत निघत नाही. शतकभर मँचेस्टरच्या धुराड्यांची काजळी या पठारावर बसली, शेवाळं मेलं, माती उघडी पडून वाहून गेली. आता माणसं हातानं शेवाळं पुन्हा लावतायत. पठाराच्या कडेवरून एक धबधबा पडतो, तो जोराच्या वाऱ्यात उलटा वर उडतो, नाणेघाटात पावसाळ्यात होतं तसा.

हा डोंगर पूर्वी जमीनदारांचा होता, शिकारीसाठी राखलेला. गिरणी-कारखान्यातल्या माणसांना पाय ठेवायला बंदी. रविवार हा एकच मोकळा दिवस, आणि धुरातून वर बघितलं की डोंगर दिसतो, पण जाता येत नाही. 24 एप्रिल 1932, रविवार, बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा शेकडो जणांना घेऊन हेफील्डहून वर चढला. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास. पण त्यातूनच हक्काची मागणी वाढत गेली आणि 1951 ला हा मुलूख देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. मी तिकीट न काढता, कुणाला न विचारता त्या वाटेनं चालले. आई, माझ्याबरोबर काठी टेकत एक आजी चढत होत्या, तुझ्याहून मोठ्या. त्यांचे वडील गिरणीत होते आणि दर रविवारी त्यांना इकडे घेऊन यायचे, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं, बाबा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती साचे सांभाळायचे?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हे लिहितेय. किती साचे सांभाळायचात? साच्याच्या लोखंडावर कारखान्याचं नाव ओतलेलं असायचं, ते आठवतं का? बदली कामगार म्हणून किती वर्षं गेली, जॉबर, म्हणजे मुकादम, कोण होता, पगाराच्या दिवशी काय करायचात? दादाच्या बाळूला समोर बसवा, तो लिहून घेईल. घाई नाही, रोज थोडं. संपाच्या दिवसांचं सांगावंसं वाटलं तर तेही, नाहीतर राहू दे. आई, तू खानावळ चालवायचीस त्याचंही त्याच्याकडून लिहून घे. किती जण जेवायचे, महिन्याचे किती पैसे, सगळं.

कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या दादाकडे दिल्यात, यंत्र कपाटात ठेवू नका. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. मी गणपतीला घरी येतेय.

तुमची,
ताई