गॅस भरून जुनी डिझेल गाडी थंड होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाहन पुरवणीत मागे एक टीप आली होती, 'एसी कमी पडतोय? गॅस भरून घ्या'. दोन ओळींचीच चौकट होती, पण लोक नेमक्या असल्याच चौकटी कापून ठेवतात म्हणून लिहितोय. माझ्याकडे जुनी डिझेल गाडी आहे, साध्या मेकॅनिकल पंपाची, टर्बो वगैरे काही नाही, आणि असल्या गाड्यांच्या एसीबद्दल गॅरेजपासून पेपरपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद, गॅस कमी झाला असेल. अहो गॅस म्हणजे काय डिझेल आहे का जळून संपायला? बंद पाइपातून तोच तोच गोल फिरतो. जुन्या रबरी होसमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे मान्य, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि ते न शोधता गॅस मारणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतत बसणं.

जुन्या डिझेलवाल्यांची तक्रार ऐका, बहुतेक वेळा एकच असते. मोकळ्या रस्त्याला लागलं की एसी झकास, सिग्नलला उभं राहिलं की कोमट हवा. आता गॅस रस्त्यात वाढतो आणि सिग्नलला कमी होतो असं तर नाही ना? मग काय होतं, तर दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा एसीचा पंप, बेल्टवर इंजिनाबरोबर फिरतो, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर आणि रस्त्यावर अडीच हजाराच्या आसपास, म्हणजे उभ्या गाडीत कॉम्प्रेसर तिप्पट हळू. दुसरं म्हणजे कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीवर, समोरून येणारा वारा बंद. केबिनमधली सगळी उष्णता शेवटी त्या कंडेन्सरमधूनच बाहेर जाणार, तिथे वारा नाही तर ती जाणार कुठे.

आणि इथे डिझेलची एक खास गंमत आहे जी पेट्रोलवाल्या मिस्त्रीच्या पटकन लक्षात येत नाही. डिझेल इंजिन आयडलला फारसं तापतच नाही, कारण उभं असताना ते इंधन अगदी कमी पितं. त्यामुळे फॅन जर फक्त रेडिएटरच्या पाण्याच्या तापमानावर सुरू होत असेल तर पाणी तेवढं तापत नाही, फॅन लागत नाही आणि बिचारा कंडेन्सर पुढे भाजत बसतो. डॅशबोर्डवर काटा मस्त मध्यावर, त्यामुळे सगळे म्हणतात कूलिंग ओके आहे. इंजिनाचं ओके आहे हो, एसीचं नाही. एसीचं बटण दाबलं की फॅन लागलाच पाहिजे, त्यासाठी वेगळा रिले किंवा प्रेशर स्विच असतो आणि जुन्या गाडीत तो हमखास मेलेला, नाहीतर कोणीतरी बायपास करून ठेवलेला सापडतो. ज्यांच्या गाडीला व्हिस्कस फॅन (इंजिनावरच फिरणारा, आत घट्ट ऑइलची पकड असलेला) आहे त्यांनी इंजिन बंद करून, चावी काढून फॅन हाताने फिरवून बघावा, सुळकन फिरला, काही अडलंच नाही तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. (चालू इंजिनात हात घालू नका, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.)

तपासायची एक जुनी युक्ती आहे, याला गॅसचा दाब मोजायचं गेजही लागत नाही. गाडी आयडलला, एसी फुल, हवा आतली आत फिरवायच्या सेटिंगवर आणि डॅशबोर्डच्या मधल्या हवेच्या जाळीत साधा थर्मामीटर खोचून ठेवा. मग पुढून कंडेन्सरवर हळूहळू पाणी सोडा, जोरात नको, पात्या वाकतात. थोड्याच वेळात आकडा सरसर खाली आला तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपापलं काम करतायत, अडलंय ते वाऱ्यापाशी. काही फरकच पडला नाही तर मग लावा गेज, बघा गॅस किती आहे ते. माझ्या गाडीत पाणी पडताच हवा एकदम गारेगार झाली, पुढे उघडून बघितलं तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल, किडे आणि ऑइल यांचा मिळून वाकळीसारखा थर. वरून दोन्ही चकाचक दिसत होते. ती फट रेडिएटरचे बोल्ट सोडून पुढे-मागे केल्याशिवाय दिसतच नाही, आणि म्हणूनच कोणी बघत नाही.

आता अशा गाडीत अजून गॅस भरला तर? अजून वाईट. आर-१३४ए, म्हणजे या एसीत असतो तो गॅस, त्याचा दाब तापमानाबरोबर ठरलेला असतो, कंडेन्सरमध्ये ५० अंशाला साधारण १७५ पीएसआय आणि ७० अंशाला जवळजवळ २९०. जास्तीचा गॅस द्रवरूपात कंडेन्सरच्या खालच्या नळ्या अडवून बसतो, उष्णता सोडायला जागा उरते कमी, दाब अजून चढतो, कॉम्प्रेसर जड होतो, आणि आमच्यासारख्या कमी ताकदीच्या इंजिनाला आयडलला धडधड सुरू होते. मग मिस्त्री म्हणतो इंजिन माउंटिंग गेलं! काही गाड्यांत एसी लावल्यावर आयडल थोडं वर खेचणारा छोटा व्हॅक्युमचा (हवा ओढून काम करणारा) डबा डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडलेला असतो, त्याची नळी तडकली की एसी लावताच आरपीएम खाली बसतात. हे काम एका नळीचं असतं.

व्हॅक्युमवरून आठवलं. पेट्रोल गाडीला थ्रॉटलमुळे (इंजिनात जाणारी हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) व्हॅक्युम फुकटात मिळतो, जुन्या डिझेलला थ्रॉटल नाही त्यामुळे वेगळा व्हॅक्युम पंप असतो, ब्रेकसाठी, आणि काही गाड्यांत डॅशबोर्डमधल्या पडद्या हलवायलासुद्धा. पंप थकला किंवा आत एखादी नळी निसटली की रिसर्क्युलेशनची, म्हणजे हवा आतली आत फिरवायची, पडदी अर्धवट उघडी राहते आणि एसी बाहेरची तापलेली हवा गार करत बसतो. बटणावर दिवा लागतो म्हणून आपण समजतो बंद झाली. हात घालून किंवा आवाज ऐकून खात्री करा, रिसर्क्युलेशनला ब्लोअरचा आवाज केबिनमध्ये स्पष्ट वाढतो.

हीटरचं तर विचारूच नका, उन्हाळ्यात हीटरकडे कोण बघतं. पण कूलिंग कॉइलमधून गार झालेली हवा पुढे हीटरच्या कॉइलजवळूनच येते. हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनाचं ऐंशी-नव्वद अंशाचं पाणी आत फिरत राहतं, आणि एका बाजूने थंड केलेली हवा दुसऱ्या बाजूने आपणच तापवतो. तपासायला सोपं, हीटर बंद ठेवून गाडी गरम झाल्यावर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) हीटरचे दोन होस बघा, बेताने, चटका बसेल. व्हॉल्व्ह बंद असताना दोन्ही सारखेच कढत असतील तर पाणी जातंय. काही गाड्यांत व्हॉल्व्ह नसतोच, पाणी कायम फिरतं आणि फक्त पडदी हवा अडवते, तिथे पडदीचा स्पंज कुजून गेलेला असतो नाहीतर केबल सैल झालेली असते. मेकॅनिकला हे सांगितलं तर आधी हसतो, मग चिमट्याने होस दाबून बघतो आणि मग गप्प होतो.

अजून एक छुपा रुस्तम म्हणजे मॅग्नेट क्लच, कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा. सकाळी एसी मस्त, तासभर चालवल्यावर एकाएकी बंद, गाडी थंड झाली की परत चालू. याला लोक हमखास गॅस म्हणतात. जुन्या क्लचमध्ये प्लेट आणि पुलीमधली फट झिजून वाढलेली असते, कॉइल तापली की तिची ओढ कमी होते आणि एवढी फट ओलांडून प्लेट चिकटतच नाही. फट बहुतेक क्लचना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते, फीलर गेजने मोजता येते, आतली एखादी पातळ शिम (चकती) काढली की काम होतं. बंद पडलेला असताना प्लेट स्थिर आहे का आणि कॉइलला बारा व्होल्ट पोचतायत का एवढं बघितलं तरी निम्मं निदान झालं.

ज्यांच्या गाड्या अजून जुन्या, म्हणजे आर-१२ या जुन्या गॅसच्या काळातल्या आहेत, त्यांचं दुखणं वेगळं. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनसाठी तो गॅस गेला आणि आर-१३४ए आला. पण नुसता गॅस बदलून भागत नाही, जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही त्यामुळे ऑइल बदलावं लागतं, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी रिंगा) बदलाव्या लागतात आणि वजनाने गॅस आधीपेक्षा कमी, साधारण ऐंशी-नव्वद टक्केच भरायचा असतो. उष्णतेत नव्या गॅसचा दाब जास्त चढतो म्हणून जुना जाड नळीचा कंडेन्सर अपुरा पडतो, पॅरलल फ्लोचा (अनेक बारीक चपट्या नळ्यांचा) टाकला की आयडलला जमीन-अस्मानाचा फरक. मला विचाराल तर पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, नाहीतर त्याच्यापुढे एक इलेक्ट्रिक फॅन बसवा.

आणि सिस्टिम कधीही उघडली तर गॅस भरायच्या आधी व्हॅक्युम नीट करून घ्या, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढा. पाच मिनिटं पंप लावून 'झालं साहेब' म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. आत राहिलेला ओलावा काढायचा तर दाब इतका खाली न्यावा लागतो की पाणी साध्या तापमानालाच उकळेल, २५ अंशाला त्यासाठी हवेच्या दाबाचा साधारण तिसावा भाग लागतो, आणि हे व्हायला वेळ द्यावा लागतो, निदान अर्धा तास. नंतर पंप बंद करून काटा तसाच थांबतो का बघायचं, तिथेच लीक कळतं. गॅस काट्यावर अंदाजाने नाही, वजन करून भरायचा.

गॅस मोकळा सोडून देणाऱ्यांबद्दलही तुमच्या पुरवणीने एकदा लिहावं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही पण तापमानवाढीत एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंच्या बरोबरीचा धरला जातो, शंभर वर्षांच्या हिशोबाने. म्हणजे दरवर्षी भरा आणि दरवर्षी गळू द्या हा सल्ला नुसता खिशालाच महाग नाही. तसंच ते लीक बंद करणारे डबे आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे स्वस्त पर्याय, यांच्यापासून वाचकांना सावध करा. पहिल्यामुळे एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक झडप) तुंबतो आणि पुढच्या गॅरेजचं मशीनही बिघडतं, दुसरा पेट घेणारा असतो, आणि जुनी कूलिंग कॉइल फुटली तर तो येतो थेट केबिनमध्ये, जिथे काचा बंद करून आपण बसलेलो असतो.

आपला,
जुन्या डिझेलचा एक मालक