दोष गुडघ्याचा की सीटचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 ऑक्टोबरचा जागतिक संधिवात दिन आला की साताऱ्यात थंडीची चाहूल लागते आणि पहाटे रस्त्यावर सायकली वाढतात. कुणाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘सायकलिंग करा’ असे लिहिलेले असते, कुणी आपणहून ठरवलेले असते. महिना-दोन महिन्यांत यातल्या बऱ्याच सायकली जिन्याखाली जातात. कारण ठरलेले: गुडघे जास्तच दुखायला लागले. मग सल्ले सुरू होतात, ‘या वयात कशाला सायकल?’ आमच्या मते अशा दहांपैकी बहुतेक सायकलींची सीट खाली असते आणि गिअर जड असतो. सल्ला चुकीचा नसतो, तो अर्धा दिलेला असतो.

झिजलेल्या गुडघ्याला सायकल मानवते, याला कारण आहे. सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तीन पटींहून जास्त. हलक्या गिअरमध्ये सायकल चालवताना तोच भार वजनाइतका किंवा थोडा अधिक असतो, कारण बूड सीटवर टेकलेले असते. ‘वंगण संपले’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला की आतल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून पूर्ण विश्रांती हा उपाय नव्हे. मात्र ‘हलक्या गिअरमध्ये’ हे दोन शब्द वगळले तर वरचा हिशेब कोसळतो.

आधी सीट. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, अशी आपल्याकडची समजूत आहे आणि दुकानदारही सायकल तशीच लावून देतो. सीट एवढी खाली असली की पायडल वर आल्यावर गुडघा पार मुडपतो आणि त्याच अवस्थेतून जोर लावावा लागतो. वाटी मांडीच्या हाडावर घासते. पुढून, वाटीभोवती दुखत असेल तर पहिला संशय खालच्या सीटवर घ्यावा.

माप घ्यायला पाच मिनिटे पुरतात. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये जाड पुठ्ठ्याची वही घट्ट वर सरकवावी आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. त्याला 0.883 ने गुणावे. 78 सें.मी. भरले तर उत्तर सुमारे 69 सें.मी. बी.बी.च्या (फ्रेमच्या तळाशी पायडल ज्याभोवती फिरतात तो भाग) एक्सलच्या मध्यापासून सीटच्या दांडीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची हवी. आखडलेल्या सांध्यांसाठी सुरुवात एक सें.मी. खालून करावी आणि दर आठवड्याला 3 ते 5 मि.मी. वर न्यावे. स्प्रिंगची सीट बसल्यावर एक-दोन सें.मी. दबते, त्यामुळे माप माणूस बसलेला असताना दुसऱ्याने घ्यावे. टेप नसेल तर टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली आणावे. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला राहतो. मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवी हिंदकळताना दिसली, किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण येऊ लागला, तर सीट जास्त वर गेली आहे.

जुन्या काळ्या सायकलींची सीटची दांडी आखूड असते. ती ओढून वर काढू नये. आत राहायला हवी त्याची खूण दांडीवर असते, ती दिसू लागली की दांडी वाकण्याची किंवा फ्रेम चिरण्याची भीती असते. लांब दांडी मिळते. विकत घ्यायला जाताना जुनी सोबत न्यावी, कारण व्यासात मिलिमीटरच्या काही दशांशाचा फरक पडला तरी ती बसत नाही किंवा घसरत राहते. बसवताना ग्रीसचा हात फिरवावा, नाहीतर एका पावसाळ्यात गंजून अडकते.

उंच सीटवरून थांबायचे कसे, ही भीती खरी आहे. सीटवर बसून थांबायचेच नाही. ब्रेक दाबत दुखऱ्या पायाखालचे पायडल तळाशी आणावे, त्यावर पाय सरळ ठेवून सीटवरून पुढे घसरावे आणि चांगला पाय जमिनीला टेकवावा. मोकळ्या जागेत वीस-पंचवीस वेळा केले की जमते. खुबा आखडलेला असेल तर टांग मारून बसण्याचा हट्ट सोडावा. आडव्या नळीची सायकल मर्दानी आणि वाकड्या नळीची बायकी, ही वर्गवारी सांध्यांना समजत नाही.

आता गिअर, आणि इथे साताऱ्याचा उतार मध्ये येतो. शहर अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसले आहे. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतार, तिथून पुढे संगम माहुलीला कृष्णेपर्यंत उतारच. पेठांमधला माणूस थंड गुडघ्यांनी मजेत खाली जातो आणि दमलेल्या पायांनी चढ घेऊन घरी येतो. साध्या 28 इंची सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे 5.4 मीटर जाते. चढावर वेग ताशी 8 कि.मी. धरला तर मिनिटाला जेमतेम 25 फेरे होतात. प्रत्येक फेरा म्हणजे अख्खे वजन टाकून मारलेला रेटा. 26 इंची गिअरच्या सायकलवर पुढे 24 आणि मागे 28 दात्यांवर चेन ठेवली तर एका फेऱ्यात सुमारे 1.8 मीटर अंतर कापले जाते. त्याच वेगाला 75 फेरे. काम तेवढेच, पण ते तिप्पट फेऱ्यांत वाटले गेल्याने प्रत्येक दाब एक तृतीयांश. सपाटीवर मिनिटाला 70 ते 80 फेरे पडतील असा गिअर ठेवावा. गिअर चढ लागण्याआधी बदलावा. चढावर जोर लावत बदलला की चेन कडकडते, कधी पडते, आणि तोल सावरताना दुखरा पायच जमिनीवर आपटतो.

गिअरची सायकल घेणे शक्य नसेल तर मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र) काढून 22 चे बसवावे. चेनची एक जोडकडी वाढवावी लागते, किंवा खाचेत जागा असेल तर चाक पुढे सरकवावे लागते; दोन्हीकडे ब्रेकचे गुटके पुन्हा जुळवून घ्यावेत. उतारावर पाय रिकामे फिरतील, पण चढावर गुडघा वाचेल. एवढे करूनही चढ जड वाटला तर उतरून ढकलावे.

पायडल मारावे लागणारी बॅटरीची सायकलही चालेल, तीत पाय फिरत राहतात. ताशी 25 कि.मी.पर्यंतच्या आणि 250 वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या मोटरच्या सायकलला नोंदणी लागत नाही. नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरने हिंडलात तर मात्र ती स्कूटरच झाली. शिवाय अशी सायकल बहुधा वीस किलोंच्या वर भरते. दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तर कमावलेले तिथेच गमवाल.

दुरुस्तीतल्या काही खोडी थेट सांध्यात उतरतात. पडल्यावर पायडलचा दांडा किंचित वाकतो, डोळ्याला दिसत नाही. तासाला चार हजारांवर फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात पाऊल पिळले जाते. हा पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणवतो. क्रँकला, म्हणजे पायडलच्या हाताला, एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन सैल झाली की एक पायडल मागे रेंगाळते आणि जोर देताना ‘कट्’ असा आवाज येतो. गंजलेली चेन आणि सुकलेली बी.बी. यांचा भारही पायांनाच वाहावा लागतो. गुडघा मुळातच फार वाकत नसेल तर 170 मि.मी.च्या क्रँकऐवजी 160 ची बसवून सीट 10 मि.मी. वर घ्यावी; पायडल वर असताना पायाला एकूण 20 मि.मी. जास्त जागा मिळते. सांधेबदलानंतर फिजिओथेरपिस्टच्या परवानगीने घरच्या स्थिर सायकलवर बसणाऱ्यांना हे विशेष उपयोगी. तिथे पूर्ण फेऱ्यासाठी गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. तोवर पायडल पुढे-मागे झुलवावे, पहिला पूर्ण फेरा बहुधा उलट्या दिशेने सोपा जातो.

बोटांचे आणि अंगठ्याच्या बुडाचे सांधे दुखणाऱ्यांनी हँडल सीटपेक्षा दोन-चार सें.मी. वर घ्यावे, मुठी जाड कराव्यात आणि ब्रेकचा खटका त्याच्या छोट्या स्क्रूने आत ओढून घ्यावा. पिळून बदलायचे गिअर टाळावेत.

किती चालवावी? पहिले दोन आठवडे दिवसाआड दहा मिनिटे, आपल्या पेठेतला सर्वांत सपाट अर्धा कि.मी. शोधून तिथेच फेऱ्या. मग आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवू नये. यवतेश्वरचा घाट आणि कासची फुले गुडघा तयार झाल्यावर. दुखणे दहापैकी तीनपर्यंत चालते, 24 तासांत ते मूळ पातळीवर आले पाहिजे. नाही आले तर पुढची फेरी निम्मी करावी. सांधा गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर सायकल ठेवून डॉक्टरांकडे जावे. आमवाताच्या रुग्णांनी भडका उतरेपर्यंत थांबावे. वेदनाशामक गोळी घेऊन निघणे सर्वांत वाईट, कारण थांबायचे कधी हे सांगणारी वेदनाच गप्प होते.

शहरातल्या डॉक्टरांना आणि सायकल दुकानदारांना आमची एक विनंती आहे. दुकानात टेप आणि दोन-तीन मापांच्या लांब दांड्या ठेवाव्यात, विक्रीआधी गिऱ्हाइकाचे माप घ्यावे. आणि चिठ्ठीवर नुसते ‘सायकलिंग’ न लिहिता असे लिहावे: सीट मापाप्रमाणे, हलका गिअर, सपाट रस्ता, दिवसाआड दहा मिनिटे.

आपले,
सायकल चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक, सातारा