धर्मादाय खेळांनाही काटेकोर नियम हवेत

महोदय,

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. मात्र सामाजिक कार्याच्या निधीसाठी अशा खेळांना मुभा असावी, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा अनुभव पाहावा. तेथे बारमध्ये विकल्या जाणाऱ्या कागदी ‘पुल-टॅब’ तिकिटांतून (पट्ट्या ओढून उघडल्यावर आतील चिन्हे जुळली, तर बक्षीस मिळते) युवकांचे हॉकी संघ आणि माजी सैनिकांच्या संघटना निधी उभारतात. २०१२ मध्ये या तिकिटांच्या इलेक्ट्रॉनिक रूपाला परवानगी मिळाली, तीही व्हायकिंग्ज फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी कर हवा होता म्हणून. धर्मादाय हेतूची गल्लत खरे तर तिथेच झाली.

पुढे एका स्पर्शात सर्व ओळी उघडण्याची सोय आली, खेळ स्लॉट मशीनसारखा वेगवान झाला आणि कॅसिनो चालवणाऱ्या आदिवासी समुदायाने दाद मागितल्यावर राज्याच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ही सोय कायद्यात बसत नसल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून ती बंद झाली. उत्पन्न घटण्याची संस्थांची भीती खोटी नव्हती. परंतु तो पैसा अखेर खेळणाऱ्याच्याच खिशातून येतो. म्हणून खेळाचा वेग, पणाची कमाल रक्कम आणि संस्थेला मिळणारा वाटा हे परवान्यापूर्वीच कायद्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजेत.

– एक वाचक, पुणे