बिगुल वाजताना तरी माइक बंद ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांची सांगता करणारा २९ जानेवारीचा ‘बीटिंग रिट्रीट’ हा लष्करी बँडचा सोहळा मी दरवर्षी टीव्हीसमोर ठाण मांडून पाहतो. सूर्य मावळला की लढाई थांबवून सैन्याने छावणीत परतायचे, त्यासाठी बिगुल वाजायचा. त्या जुन्या रिवाजाचा हा सोहळा. यंदा दिल्लीच्या विजय चौकात तो बिगुल वाजत असताना मी लावलेल्या वाहिनीवरचे निवेदक राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत, ही माहिती देत होते. खोल्या कुठे पळून जात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सांगितल्या असत्या तरी चालले असते.

योगायोग म्हणजे हवेतून आवाजही सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. बँडपासून १७० मीटरवरच्या कॅमेऱ्याने भिंगातून ढोलकरी कितीही जवळ ओढून दाखवला, तरी त्या कॅमेऱ्याच्याच माइकवर विसंबलात तर काठी पडताना दिसते आणि ‘ढम’ अर्ध्या सेकंदाने येते. म्हणून ध्वनिसंयोजक बँडच्या वाटेत जागोजागी माइक पेरतात, बँड पुढे सरकेल तसा एकेक उघडत-मिटत जातात. उघड्या मैदानात वाऱ्याशी झुंजत पकडलेला तो सूर अखेर निवेदनाखाली गाडला जातो.

मी स्वतः ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीत, कॅमेऱ्यांची दृश्ये बदलणाऱ्या व्हिजन मिक्सरच्या पॅनेलवर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून हे जरा जास्तच खुपते. संचलन दाखवणे त्या मानाने सोपे. चित्ररथांचा क्रम ठरलेला, कट दोन सेकंद उशिरा पडला तरी रथ तिथेच असतो. संगीताचे तसे नाही. ढोलांचा तुकडा चार-आठ मात्रांत संपतो. तेवढ्यात तुम्ही मान्यवरांची पहिली रांग दाखवत बसलात, तर तो गेला. थेट मैफलीच्या प्रक्षेपणात दिग्दर्शकाशेजारी स्वरलिपी घेऊन कुणीतरी बसलेले असावे लागते. तो मात्रा मोजतो, ‘चार... तीन... दोन...’, आणि दिग्दर्शकाचा ‘कॅमेरा पाच, टेक’ समेवर पडतो. नाहीतर तबलजीची तिहाई चालू आणि पडद्यावर तंबोरा, अशी गत होते.

२०२२ मध्ये या सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी प्रार्थनागीत वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेतले, तेव्हा बराच वाद झाला. मला सी. रामचंद्रांची चाल तिथे आवडली, हे सांगून टाकतो. पण वाद घालायलासुद्धा आधी सूर कानावर पडायला हवेत ना?

धुनेचे नाव, बँडचे नाव पडद्याच्या तळाशी पट्टीत देता येते. मान्यवर, प्रेक्षक, टाळ्या यांना दोन धुनांच्या मध्ये भरपूर जागा असते. कार्यक्रमाच्या क्रमपत्रिकेत बिगुलासमोर ‘निवेदन बंद’ एवढे दोन शब्द लिहायला खर्चही येत नाही.

शेवटी रायसीना टेकडीवरच्या इमारती एकदम उजळतात, त्या वेळी दिग्दर्शक आधीपासूनच लांबच्या, रुंद दृश्यावर थांबलेला हवा. यंदा पडद्यावर कुणाच्या तरी टाळ्या वाजवणाऱ्या हातांचे समीपदृश्य होते. शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, “आजोबा, दिवे कधी लागले?”

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ